गार बाजूच्या पाली

आमची बेकरी आणि शेजारचा बर्फाचा कारखाना यांच्यात एकच भिंत आहे. ज्याने कुणी ही दोन बांधकामं केली त्याने विटा वाचवल्या आणि डोकं वापरायचंही वाचवलं. अलीकडे भट्टी, कधी न विझणारी, आणि तिच्या पाठीला पाठ लावून पलीकडे बर्फाच्या लाद्यांची खोली. आम्ही जाळलेली निम्मी लाकडं त्यांचा बर्फ वितळवायला जायची आणि त्यांच्या यंत्राची निम्मी मेहनत आमची भट्टी गार करायला. दोन्हीकडचे मालक एकमेकांच्या नावाने बोटं मोडत म्हातारे झाले, पण भिंत जाड कुणी करून घेतली नाही. खर्च कुणी करायचा ते ठरेना.

त्या भिंतीच्या अलीकडे मी आणि पलीकडे ताई. आम्ही जुळ्या. आईला दुसरी कळ येईपर्यंत जेवढा वेळ गेला तेवढीच ती माझ्याहून मोठी, पण तेवढ्या भांडवलावर तिने मला जन्मभर "तू लहान आहेस, तुला नाही कळायचं" ऐकवलं.

शाळा सुटली तेव्हा बाबांनी दोघींना कामाला लावलं. मी जरा वारा सुटला की कुडकुडणारी, म्हणून मला बेकरीत. ताईला उकाडा सोसायचा नाही, अंगावर पुरळ उठायचं, म्हणून तिला बर्फाच्या कारखान्यात. बाबांना वाटलं, दोन्ही मुलींची छान सोय लागली. सोय अशी लागली की बेकरीवाल्याच्या मुलाशी माझं जमलं आणि मी कायमची भट्टीपाशी राहिले. ताईला कारखान्याने लाद्यांच्या खोलीला लागूनच राहायला जागा दिली आणि ती कायमची तिकडची झाली. लग्नानंतर मी तिला म्हटलं होतं, ताई, तूही ये ना इकडे, आमच्याकडे वरची खोली रिकामीच आहे. ती नुसती हसली होती. त्यावर ती काही बोललीच नाही हे मला पुष्कळ वर्षांनी आठवलं.

भट्टीच्या खांद्याशी, माझ्या छातीच्या उंचीवर, भिंतीतली एक वीट निखळलेली होती. ती बुजवायची नाही हे आम्हा दोघींचं ठरलेलं. सकाळची पहिली खेप भट्टीतून निघाली की मी त्या भोकातून एक पाव पलीकडे सरकवायची आणि ताई गोणपाटात गुंडाळलेला बर्फाचा एक तुकडा अलीकडे. मी बर्फ मानेवरून फिरवायची, ती पाव दोन्ही तळव्यांत धरून बसायची. मग भोकाला तोंड लावून गप्पा. एका गालाला भट्टीची धग, नाकाच्या शेंड्याला पलीकडचा गारठा. माझ्या नाकाला त्यामुळे कायमची सर्दी.

ताईच्या बाजूला भट्टीच्या बरोबर मागे भिंतीचा एक पट्टा कोमट असायचा. एक माणूस पाठ टेकून बसेल, फार तर दोन माणसं चिकटून बसतील, एवढाच. बाकी कुठेही भिंतीला ओला हात लागला तर कातडी चिकटायची. ताईचं जेवण, शिवण, झोप, सगळं त्या पट्ट्याला पाठ लावून. आणि तिच्या डोक्यावर, त्याच पट्ट्यावर, पाली.

पाली तशा दोन्हीकडे होत्या आणि सुरुवातीला सगळ्या एकसारख्याच होत्या. भोकातून त्यांची ये-जा चालायची. एक बांडी पाल सकाळी माझ्याकडचे किडे खायची आणि दुपारी ताईकडे जाऊन सुस्त पडायची. आम्ही म्हणायचो, माहेर-सासर एकाच भिंतीवर असलं की असं सुख मिळतं. पुढे कधीतरी ती ये-जा थांबली. कधी, ते मी सांगू शकणार नाही. पालींनी यायचं थांबवलं ही काही कुणाला सांगण्यासारखी बातमी नव्हे.

आमच्या पाली फिकट होत गेल्या. पिठाच्या रंगाच्या, काडीसारख्या, पोटातलं अंडं बाहेरून दिसावं इतक्या पातळ कातडीच्या. सारख्या धावायच्या. त्यांचं चुकचुकणंही घाईचं, एकीने पहिलं टोक पकडायच्या आत दुसरीने शेवट करायचा. पिठाच्या पिंपामागे बारा महिने अंडी. पिल्लू दिसलं म्हणेपर्यंत त्याच्याच पोटात अंडं दिसायचं, आणि एक दिवस केर काढताना वाळलेलं पान यावं तशी ती पाल केरसुणीत यायची.

ताईच्या पाली काळ्या झाल्या. ओल्या पाटीसारख्या काळ्या, शेपटी मुळाशी अंगठ्याएवढी जाड. त्या हलायच्या नाहीत. त्यातल्या एकीचं नाव ताईने आत्याबाई ठेवलं होतं, कारण ती कोपऱ्यात बसून नुसती सगळ्यांवर नजर ठेवायची. माझी लेक पाटी-पेन्सिल घेऊन शाळेत गेली तेव्हा आत्याबाई त्या पट्ट्यावर होती. लेक नोकरीला लागली तेव्हाही होती. आत्याबाई चुकचुकायची ते एकदाच. पुढचं चुक यायला इतका वेळ लागायचा की पहिलं आपण विसरून जायचो. लोकांच्या मनात म्हणे शंकेची पाल चुकचुकते. आमच्या भिंतीवर खरीखुरी चुकचुकत होती, आणि आम्हाला शंका काही आली नाही.

अंडं मात्र पलीकडे ताईने कधी पाहिलं नाही. पिल्लं होती, अंडी नव्हती. एकदा तिने भोकाशी येऊन सांगितलं, आत्याबाईला पिल्लू झालं. मी म्हटलं, अंडं फुटलं असेल कुठेतरी. त्यावर पलीकडे बराच वेळ शांतता. नंतर कधीतरी, मी दुसऱ्याच कामात असताना, तिचा आवाज आला की अंडं नव्हतंच, सरळ पिल्लू आलं, ओलं, डोळे उघडे, आणि येताक्षणी कोमट विटेकडे चालायला लागलं. गारठा डोक्यात गेलाय तुझ्या, असं म्हणून मी पावाचे पत्रे धुवायला घेतले.

ताईचं बोलणंही असंच हळूहळू लांबत गेलं. आधी उत्तर द्यायच्या आत ती जरा थांबायची, विचार करते आहे असं वाटावं एवढंच. मग सकाळी विचारलं, जेवलीस का, की दुपारी उत्तर यायचं, बसतेच आहे. मग उत्तर दुसऱ्या दिवशी. मग आठवड्याने. माणसाला कशाचीही सवय होते. मी आजचा प्रश्न विचारायची आणि मागचं उत्तर घ्यायची. आमचा भट्टीवरचा कारागीर, ज्याला सगळे मामा म्हणायचे, तो म्हणायचा की ताईंना लग्नाचं आमंत्रण द्यायचं असेल तर मुलगी पाळण्यात असतानाच द्यावं, म्हणजे वेळेवर पोचतील. आम्ही सगळे हसायचो. मीही.

माझा नवरा गेला तेव्हा मी भोकाशी जाऊन ताईला सांगितलं. पलीकडून काही आलं नाही. सगळं आटोपलं, माणसं येऊन भेटून गेली, मी पुन्हा कणकेत हात घातले, लेक पुन्हा हसायला लागली. आणि एका सकाळी पलीकडून हुंदका आला. ताई रडत होती, बातमी आत्ता कळावी तशी. भोकातून तिचा हात आला, माझा हात शोधत. मी पिठाने माखलेला हात तिच्या हातात दिला आणि तिची समजूत काढत उभी राहिले. नवरा माझा, रडू तिचं, समजूत काढणारी मी. मामा मागे उभा होता, पण त्या वेळी त्याला विनोद सुचला नाही. तिचा हात माझ्या हातात होता आणि मला तेव्हाच दिसायला हवं होतं. माझ्या हाताला भट्टीने भाजल्याचे काळे डाग, शिरा दोरीसारख्या उठलेल्या. तिचा हात गुळगुळीत, आम्ही कामाला लागलो त्या वर्षीच्या हातासारखा. मी म्हटलं, बर्फाने सुरकुत्या पडत नसतील. भाज्या नाही का ताज्या राहत.

माझी लेक प्राण्यांचं शिकली आणि कॉलेजात तेच शिकवते. पालींचं मी तिला कौतुकाने सांगितलं तेव्हा ती टॉर्च घेऊन आली आणि भोकात डोकं घालून खूप वेळ पाहत राहिली. मग पिठाच्या पिंपावर बसून तिने मला समजावलं. पालीचं रक्त थंड असतं म्हणतात ते काही खरं नाही, ते भोवतालच्या हवेएवढंच गरम असतं. आपण पोटात शेगडी घेऊन हिंडतो, पालीला ती बाहेरून मिळवावी लागते. ऊब भरपूर असेल तिथे सगळं भरभर चालतं, वाढणं, अंडी घालणं आणि संपणंही. ऊब कमी तिथे सगळं सावकाश. आणि गार भिंतीत घातलेलं अंडं उबतच नाही. मग जिने अंडं जरा जास्त वेळ पोटात ठेवलं आणि पोट घेऊन उबेला जाऊन बसली, तिचं पिल्लू जगलं. तिच्या लेकीने त्याहून जास्त वेळ ठेवलं. असं करता करता अंडं बाहेर यायचंच राहून गेलं. थंड मुलखातल्या कितीतरी सरड्यांचं आणि सापांचं असं झालेलं आहे.

"आणि जिने नाही ठेवलं तिचं काय?" मी विचारलं.

"ती राहिली नाही. आई, पाल बदलत नसते, घराणं बदलतं. मधल्या गेलेल्या आपल्याला दिसत नाहीत, म्हणून वाटतं की कुणीतरी शहाणपणाने बदललं."

पण, ती म्हणाली, याला हजारो पिढ्या लागतात. तुझ्या एका संसाराएवढ्या काळात एका भिंतीवर हे होत नाही. शिवाय या जातीची पाल पिल्लं घालतच नाही. मी म्हटलं, मग जा आणि आत्याबाईला तसं सांगून ये.

ती खरंच गेली, कारखान्याच्या फाटकातून वळसा घालून. दुपारभर तिकडेच होती. परत आली ती गरम पाण्यात हात बुडवून बसली. मी विचारलं, पाहिलीस पाल? तिने मान हलवली. मग म्हणाली की मावशी पट्ट्याला पाठ लावून बसली होती, हातात पाव. तिने डोळे वर करून लेकीकडे पाहिलं, आणि पाहायला तिला इतका वेळ लागला की लेकीचे पाय बधिर झाले. मग मावशी हसली आणि म्हणाली, आलीस का गं, इतकी का वाळलीस.

"तिला मी म्हणजे तूच वाटले, आई," लेक म्हणाली. "आणि तिची चूक नाही. मावशी माझ्याएवढी आहे."

त्यानंतर थोड्याच दिवसांत मी भट्टीसमोर कोसळले. पत्रा हातातून पडला, पाव सगळीकडे पसरले, आणि मामाने मला पिठाच्या पोत्यासारखं उचलून बाहेर आणलं. डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, डोळे पाहिले आणि वय विचारलं. मी सांगितलं ते त्यांना खरं वाटेना. लेकीला बाजूला घेऊन त्या बोलल्या. त्या धगीने माझं सगळं झिजत आलं होतं, हृदय धरून. भट्टी सोडली तर थोडी वर्षं, नाही सोडली तर थोडे महिने. लेकीने घरी येताच फर्मान काढलं. भट्टी विझवायची, बेकरी बंद, तू माझ्याकडे राहायला यायचंस.

मला पहिला विचार ताईचा आला. भट्टी विझली की तिचा तो कोमट पट्टा जाणार. उरलेल्या खोलीत ती एक आठवडाही काढू शकली नसती. लेक म्हणाली, मावशीलाही घेऊन येऊ, त्यात काय. माझा जीव हरखला. आम्ही दोघी शेवटी एका खोलीत, एका खिडकीशी. मी त्याच दिवशी भोकाशी जाऊन सांगितलं, ताई, भट्टी विझवतो आहोत, तू माझ्याबरोबर चल. आणि उत्तराची वाट पाहत बसले. भट्टी तोवर चालू ठेवायची हे लेकीकडून कबूल करून घेतलं. फक्त मी तिच्यापासून लांब बसायचं, काम मामाने बघायचं.

ते उत्तर यायच्या आत एका सकाळी बर्फाच्या तुकड्याबरोबर गोणपाटाला चिकटून एक काळी पाल आली. ताठ, थंडगार. तिच्या बाजूची कुणीतरी, झोपेत गुंडाळली गेलेली. परत सरकवली असती तर काम झालं असतं. पण मी भट्टीवाली. गारठलेलं काहीही दिसलं की ते उबेला ठेवायचं, एवढंच आम्हाला कळतं. मी तिला भट्टीच्या खांद्यावर ठेवलं आणि वर चहाची बशी आडवी लावली.

पाल जागी झाली. अशी जागी झाली की बघत राहावं. डोळे लख्ख, अंगावर तकाकी, ती धावली, उडी मारून किडे पकडले, दिवसभर खाल्लं. मी मामाला म्हटलं, बघ, बिचारी आतापर्यंत जगलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी ती करड्या रंगाची झाली होती आणि सारखी चुकचुकत होती, पण आमच्या पाली तिच्याकडे वळून बघत नव्हत्या. तिचं चुकचुकणं त्यांच्या कानात शिरतच नव्हतं. त्यांचं तिच्याही. मग ती फिकट झाली. मग कातडी सैल पडली, डोळे आत गेले. आठवडा संपायच्या आत मामाने तिला केरातून उचलून माझ्या तळहातावर ठेवलं. तिला वजनच नव्हतं. तिची राहिलेली सगळी वर्षं तिने त्या आठवड्यात जाळून टाकली होती.

मी तो तळहात मिटला आणि ताईला एका खिडकीशी बसवायचा विचार तिथेच सोडला.

लेकीला मी हे सांगितलं. म्हणाली, मावशी पाल नाही. मी म्हटलं, मावशी माझ्याएवढीही नाही, त्याचं काय? ती नखं खायला लागली, अडली की ती आपल्या बापासारखी नखं खाते. ती म्हणाली, हळूहळू आणू, रोज थोडं. मी म्हटलं, भट्टी विझवायला तू मला किती दिवस देणार आहेस? पुन्हा नखं.

दुसरी गोष्ट मी स्वतः पाहिली नाही, ऐकली. आमची एक पिठाळ पाल पतंगाच्या मागे धावत भोकातून पलीकडे गेली आणि खाली आपटल्याचा बारीक आवाज आला. मी भोकाशी जाऊन ओरडले, ताई, आमची पाल पडली आहे तुमच्याकडे, मेली असेल. मग मी ते विसरले. मधे बरेच दिवस गेले. माझे ओठ निळे पडायला लागले होते आणि जिना चढताना मला दोनदा बसावं लागत होतं. एका दुपारी ताईचा आवाज आला, अगदी शांत, आता आता पाल उचलून पाहिली असावी तसा.

"मेली नाही गं. आत्याबाईशेजारी ठेवली आहे. काळी पडत चालली आहे, पण बघते आहे माझ्याकडे."

आणि मी भोकापासून हलायच्या आत, त्याला जोडूनच, दुसरं वाक्य आलं.

"मी नाही येत. तूच ये."

हे कशाचं उत्तर होतं? भट्टी विझवतो आहोत, चल, याचं? की लग्नानंतर, केसांत एकही पांढरा केस नसताना, मी वरच्या खोलीचं विचारलं होतं, त्याचं? मला विचारता आलं नाही. विचारलं असतं तर ते उत्तर ऐकायला मी उरले नसते.

लेकीशी मोठं भांडण झालं. ती म्हणाली, तिथे तू एक दिवस टिकणार नाहीस, तुझं हृदय हे असं. मी म्हटलं, हृदय जितके ठोके देणार तितके देणार, ते भरभर घेतले की संपतात, सावकाश घेतले तर पुरतील. ती म्हणाली, हे कुठल्याही पुस्तकात नाही. ते खरंच होतं. जगलेल्या पालीसारख्या किती पाली त्या बाजूला पडून मेल्या असतील, तेवढंच तिने मला पुन्हा पुन्हा विचारलं, आणि त्याचा आकडा माझ्यापाशी नव्हता.

"आई, तू पाल नाहीस," ती शेवटी म्हणाली.

"माहीत आहे. पाल असते तर तुला न विचारता गेले असते."

मग ती रडली. मी तिला जवळ घेतलं तर म्हणाली, किती गरम आहे तुझं अंग. तिने माझ्या खांद्यावरून डोकं काढलंच नाही. त्याच आठवड्यात तिने स्वतः मामाशी बोलून ठरवलं की भट्टी त्याने चालवायची आणि कधी म्हणजे कधी विझू द्यायची नाही. मामा म्हणाला, बाईसाहेब, माझ्यानंतर? लेक म्हणाली, तुमच्यानंतर मी आहे. बेकरीचा पाव तिला कधी आवडला नाही. पण ती म्हणाली.

मी पलीकडे गेले ती दोन स्वेटर, एक घोंगडी आणि लेकीने घट्ट बांधलेला मफलर घेऊन. आत अमोनियाचा उग्र वास, पायाखाली ओला भुसा, लाद्यांच्या रांगा अंधारात निळसर. पहिल्या दमात छातीत कुणीतरी मूठ आवळली. मला वाटलं, लेकीचं बरोबर होतं. भिंत धरत धरत पट्ट्यापाशी पोचले तोवर बोटं माझी राहिली नव्हती. ताई बसली होती. आईच्या जुन्या फोटोत आम्ही दोघी आहोत ना, त्यातली डावीकडची, तशीच्या तशी. ती माझ्याकडे पाहत नव्हती, समोर पाहत होती, आणि तिच्या घशातून एक खोल, लांब घरघर येत होती, यंत्रासारखी. मी तिच्याशेजारी पाठ टेकली. पाठीला भट्टीची ऊब लागली. मामाची भट्टी. डोक्यावर आत्याबाई, तिच्या बाजूला एक बारीक, धड काळी नाही धड पांढरी नाही अशी पाल. मी डोळे मिटले. मेले तर मेले, असंच म्हटलं.

मूठ सैल व्हायला किती वेळ लागला ते मला माहीत नाही. मी मेले नाही. छातीतला ठोका यायचा, मग मी वाट पाहायची, मग पुढचा यायचा. ताईची घरघर हळूहळू पातळ होत गेली, तिला कंगोरे फुटले, आणि एकदम मला कळलं की ती बोलते आहे. पहिल्यापासून बोलतच होती.

"...भुशावर पाय ठेवून बस म्हटलं ना, ऐकशील तर शपथ," ती म्हणत होती. "लहानपणापासून अशीच."

मी तिच्याकडे वळले. तिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला, पाव धरायची तसा.

"किती भरभर बोलायचीस गं तू," ताई म्हणाली. "मला वाटायचं भोकात माशी अडकली आहे. मी आपली हं हं करायचे."

तेव्हापासून आम्ही बोलतो आहोत. सगळं मागचं राहिलेलं. तिने विचारलं आणि मी लगेच सांगितलं, मी विचारलं आणि तिने लगेच सांगितलं. उत्तर कशाचं होतं तेही विचारलं. ती म्हणाली, दोन्हींचं, तुला नाही कळायचं. आत्याबाईसुद्धा आता मला बडबडी वाटते, सारखी चुकचुकत असते, आणि तिला उत्तर देणारी ती धड काळी नाही धड पांढरी नाही अशी पाल आता चांगली काळी आहे. माझ्या हातावरचे डाग फिकट होत चालले आहेत असं ताई म्हणते. तिला बरं वाटावं म्हणून मी हो म्हणते.

लेक रोज येते, निदान मला रोज आल्यासारखी वाटते. भोकातून पाव सरकतो आणि त्यामागे तिची बोटं दिसतात. पहिल्यांदा बोटात तिची निळ्या खड्याची अंगठी होती. मग ती करंगळीत गेली. मग दिसेनाशी झाली. हातावर भाजल्याचे काळे डाग आले आहेत. शिरा उठल्या आहेत, दोरीसारख्या. परवा पाव आला तो गरम होता, वाफ निघत होती. मी तो दोन्ही तळव्यांत धरला आणि ताईशी एक वाक्य पुरं करून तोंडाशी नेला, तर दगड झाला होता.

भोकातून बारीक गुणगुण आली. मी कान लावला. लेक विचारत होती, आई, बरी आहेस ना. मी लगेच, तिचा शब्द संपायच्या आत, म्हटलं, बरी आहे गं. मग आवाज आला, एकेक अक्षर लांबवत, बहिऱ्याशी बोलावं तसा, आणि तो आवाज म्हातारा होता.

"आई. हे मी. मागच्या थंडीत. विचारलं होतं."

मी भोकात हात घातला. तिचा हात हाताला लागला, आणि मला चटका बसला. एवढं गरम अंग. ती भट्टीपाशी उभी राहते हे मला तेव्हा कळलं. मामाचं मी विचारलं नाही. मी म्हटलं, तू पण ये ना इकडे. दोन माणसांची जागा आहे, सरकून बसलो तर तिघींना पुरेल.

तिने उत्तर दिलं. दिलं हे नक्की, मी ऐकलं. पण ते पिठाच्या पिंपामागच्या पालींसारखं आलं, इतकं भरभर की सुरुवात कळायच्या आत संपलं होतं.

"काय म्हणाली?" ताईने विचारलं.

"कळलं नाही."

"विचार परत. घाई काय आहे."

मी पुन्हा विचारलं आहे. कान भोकाकडे लावून बसले आहे. पाठीमागची भिंत अजून कोमट आहे, म्हणजे ती तिथे असणार.